लहानग्याचे कुरळे केस: गुंता कुठून येतो आणि न रडवता कसा सोडवायचा

पहिल्या वर्षी जावळ काढलं तेव्हा केस मऊ आणि सरळ होते. दीड वर्षाचं होईतो डोक्यावर झुलपं आली, दोन वर्षांचं होता होता मानेवर त्यांच्या कड्या झाल्या, आणि आता सकाळी कंगवा दिसला की लेकरू पलंगाखाली जाऊन बसतं. इंदूरच्या मराठी घरांत यावर प्रत्येकाकडे कारण तयार असतं. आजी म्हणते, तेल कमी पडतंय. काकू म्हणते, जावळ नीट उतरलं नाही, पुन्हा एकदा गोटा करा. शेजारच्या भाभीजी बोरिंगच्या पाण्याला दोष देतात, आणि आजोळचे म्हणतात, आमच्यात तर कुणाचेच असे केस नाहीत.

यातलं पाण्याचं कारण काही अंशी खरं आहे. बाकीची खरी नाहीत, आणि त्यांच्यापायी मुलाच्या डोक्यावर नको ते प्रयोग होतात. कुरळा केस हा बिघडलेला सरळ केस नव्हे. त्याचा आकारच वेगळा आहे. हा आकार एकदा लक्षात आला की तेल किती, कंगवा कोणता, ओले विंचरायचे की कोरडे, हे पाठ करावं लागत नाही.

केसाला वळण मुळाशीच पडतं

केस जिथून उगवतो ती कातडीतली बारीक पिशवी म्हणजे केसमूळ. शेव पाडताना सोऱ्या सरळ धरून सारखा दाब दिला तर शेव सरळ खाली येते. सोऱ्या तिरका झाला, एका अंगाने पीठ जास्त सुटलं, की शेव वळत वळत पडते. केसमुळाचं असंच आहे. सरळ केसाचं मूळ कातडीत बऱ्यापैकी उभं असतं. कुरळ्या केसाचं मूळ वाकडं असतं, तळाशी आकड्यासारखं वळलेलं. त्यात केसाची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जास्त वाढते, म्हणून केस वळलेलाच बाहेर येतो. आडवा छेद घेतला तर सरळ केस गोलसर दिसतो, कुरळा चपटा आणि लांबट.

हे वळण एका जनुकावर ठरत नाही. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात, त्यामुळे आईबाबा दोघांचे केस जवळपास सरळ असूनही मूल कुरळ्या केसांचं होऊ शकतं. ‘आमच्यात कुणाचेच नाहीत’ या वाक्यातून म्हणूनच काही सिद्ध होत नाही. घरातल्या सुनेला ते ऐकवायचं तर मुळीच कारण नाही.

मग जावळ काढल्यावर केस बदलले कसे?

बदलले हे खरं, पण वस्तऱ्यामुळे नाही. जन्माच्या वेळचे केस बारीक आणि तात्पुरते असतात. पहिल्या काही महिन्यांत त्यातले पुष्कळसे गळतात. पाठीवर झोपणाऱ्या बाळाच्या डोक्यामागे टक्कल पडल्यासारखं दिसतं ते याच काळात. मग हळूहळू जाड केस येतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत मुळांचा आकारही बदलत असतो. जावळाचा विधी नेमका या बदलाच्या मधोमध येतो, म्हणून श्रेय किंवा दोष त्याच्यावर जातो.

वस्तरा कातडीच्या वर चालतो. केस तयार होतो तो कातडीच्या आत, आणि वर आलेला केस निर्जीव असतो. गवत कापल्याने जमिनीतली मुळी बदलत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट राहतं, तेवढ्यानं नवे केस हाताला दाट लागतात. जावळ हा आपला संस्कार आहे, तो जरूर करावा. केस सरळ व्हावेत म्हणून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा गोटा करण्यात मात्र मुलाला वस्तऱ्याखाली बसवण्यापलीकडे काही साधत नाही. हे वळण पुढे वयात येताना पुन्हा बदलू शकतं, तेही आपोआपच.

तेल भरपूर आहे, तरी टोकं कोरडी का?

टाळूवर नैसर्गिक तेल सुटतं आणि ते केसावरून खाली उतरतं. सरळ केसावर ते घसरगुंडीसारखं टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसावर त्याला इंदूरजवळचा वळणावळणाचा भेरूघाट उतरावा लागतो, प्रत्येक वळणावर ते अडखळतं आणि टोकं कोरडी राहतात. त्यात लहान मुलांच्या तैलग्रंथी या वयात जवळजवळ झोपलेल्या असतात. जन्मल्यावर काही आठवडे आईच्या संप्रेरकांमुळे तेल बरंच सुटतं, नंतर ते कमी होतं आणि सात-आठ वर्षांच्या पुढेच पुन्हा वाढू लागतं. म्हणून दोन वर्षांच्या मुलाचे केस रोज शाम्पूने धुण्याची गरज नसते. आठवड्यातून एकदा पुरतं, उन्हाळ्यात घाम आणि धूळ असेल तर दोनदा.

केसावर माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. ते चपटे बसलेले असले की केस चमकतो आणि शेजारच्या केसावरून घसरतो. कोरडे झाले, घासले गेले, की ते उचकटतात. वळणावर ते तसेही जरा उघडेच असतात. दोन केसांचे उचकटलेले खवले एकमेकांत अडकले की झाली गुंत्याची सुरुवात.

आता आजीच्या वाटीभर तेलाकडे येऊ. खोबरेल तेल चांगलंच आहे. त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते थोडं केसाच्या आतही शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. पण ते टाळूवर नको, केसांच्या लांबीवर आणि टोकांना हवं. माप: कानापर्यंत केस असतील तर अर्धा चमचा, धुण्याआधी अर्धा तास. रोज चापून लावून ठेवलेल्या तेलावर राजबाड्यापासून घरापर्यंतची सगळी धूळ बसते, आणि टाळूवर पिवळट खपल्या असतील तर साचलेल्या तेलाने त्या वाढतात. मोहरीचं तेल या वयात टाळलेलंच बरं, नाजूक कातडीला ते झोंबतं.

पावसाळ्यात फुगतात, ते का?

केस हवेतलं पाणी पितो. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रता मोजण्याचं यंत्र जाहीर केलं, ते याच गुणावर. दमट हवेत केस सुमारे दोन टक्क्यांनी लांब होतो. केसाच्या आत काही कच्चे बंध असतात, पाणी मिळालं की ते सुटतात आणि वाळलं की नव्या जागी बांधले जातात. जुलैत दिवसभर हे सुटणं-बांधणं चालू राहतं, प्रत्येक केस आपापल्या दिशेने वळतो, आणि सगळे मिळून डोक्याभोवती ढग होतो. मेच्या कोरड्या गरम वाऱ्यात केस आतलं पाणी हवेला देऊन बसतात आणि राठ होतात.

याच कच्च्या बंधांचा आपल्याला उपयोगही आहे. केस ओले असताना बटा जशा लावून द्याल तशाच त्या वाळतात. कुरळे केस सजवण्याची सगळी कला ओल्या केसांवर चालते ती यामुळे.

नर्मदेचं पाणी की बोरिंगचं?

भाभीजींचं म्हणणं इथे खरं ठरतं. माळव्याचा खडक म्हणजे काळा बेसाल्ट. त्यातून झिरपलेल्या बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंच विरघळलेलं असतं, म्हणून ते जड. नदीकाठच्या जलूद गावाहून उपसून येणारं नर्मदेचं पाणी त्यामानाने हलकं असतं. पण पुष्कळ वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि टाकीत सगळं एकत्र होतं.

जड पाण्यात साबण लावला की पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच केसावर बसतो, आणि केस चिकट, निस्तेज, खरखरीत लागतात. त्यावर आणखी साबण लावणं हा उलटा उपाय. पाहायचं असेल तर पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकून हलवा. फेस आला नाही आणि पाणी दुधाळ झालं तर ते जड आहे.

उपाय सोपा आहे. डोक्याला साबणाची वडी लावूच नका. ती बाळाची म्हणून विकत घेतलेली असली तरी वडीचा साबण सहसा अल्कधर्मी असतो, त्याने खवले उघडतात. सौम्य शाम्पूने साका होत नाही. शेवटचं एक-दीड लिटर पाणी तेवढं नर्मदेचं ठेवा. ते नसेल तर बोरिंगचं पाणी दहा मिनिटं उकळून, निववून, तळाचा पांढरा थर न हलवता वरचं घ्या. जडपणाचा बराच भाग त्या थरात उतरलेला असतो. एक चूक अनेक घरांत होते: आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून आंघोळीला वापरतात. ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं. फरशी पुसायला ठीक, केसांना नको.

धुण्याचा दिवस

वेळ दुपारची बाराच्या पुढची निवडा, मूल खाऊन-पिऊन ताजंतवानं असताना. पाणी कोमट, कोपर बुडवून पाहिलं तर गरमही नाही नि गारही नाही असं. मुलाला पाटावर बसवून मान खाली घालायला लावली की पाणी डोळ्यांत जातं आणि पुढच्या वेळी ते न्हाणीघरात पाऊलच टाकत नाही. त्याऐवजी मांडीवर उताणं घ्या, मान हातावर, कपाळावर घडी केलेला ओला रुमाल. डोक्यावरून तांब्या ओतायचा नाही, पाणी कपाळाकडून मागे जाऊ द्यायचं.

शाम्पू वाटाण्याएवढा. तळहातावर पाण्यात पातळ करून फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी, नखं न लावता. केस डोक्यावर गोळा करून घोळसायचे नाहीत. निम्मा गुंता आपण तिथेच तयार करतो. खाली वाहणाऱ्या फेसाने लांबी आपोआप स्वच्छ होते. ‘डोळ्यांना झोंबत नाही’ असं लिहिलेला शाम्पूही नीट धुवायचाच. शिकेकाई पारंपरिक खरी, पण तिची पूड डोळ्यात गेली तर फार झोंबते आणि कुरळ्या केसांत तिचे कण अडकून राहतात. चार-पाच वर्षांपर्यंत ती थांबू द्या.

मग कंडिशनर, सुपारीएवढा, टाळू सोडून लांबीवर. दोन मिनिटं ठेवायचा, त्याच वेळात विंचरायचं आणि मग धुवायचं.

इतक्या लहान मुलाला कंडिशनर कशाला?

हा आक्षेप बरोबर ठिकाणाहून येतो, मुलाला विनाकारण काही लावू नये या काळजीतून. ओल्या, झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन भार असतो, म्हणून तो केसाला चिकटतो आणि उचकटलेले खवले बसवतो. केस केसावरून घसरतो, आणि विंचरताना ओढ कमी लागते. सरळ केसांच्या मुलाला याची गरज नसते. कुरळ्या केसांच्या मुलाला हीच गोष्ट रोजच्या रडण्यापासून वाचवते. वास नसलेला, साधा कंडिशनर घ्या. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहा. डोळ्यांत तो शाम्पूपेक्षा जास्त चुरचुरतो, म्हणून हात कपाळापासून लांब ठेवा.

विकतचा नको असेल तर अळशीचा चीक करता येतो. दोन मोठे चमचे अळशी, एक कप पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच, गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर तो बियांना असा धरून बसतो की गाळलाच जात नाही. फ्रीजमध्ये ठेवून पाच दिवसांत संपवा, वास बदलला तर त्याआधीच टाकून द्या. धुतल्यावर ओल्या केसांना अर्धा चमचा पुरतो. जास्त झाला तर वाळल्यावर पांढऱ्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि लोकांना तो कोंडा वाटतो. हा चीक बटा धरून ठेवतो, पण गुंता सोडवण्यात कंडिशनरइतका कामाचा नाही.

गुंता

कोरडे कुरळे केस विंचरायचे नाहीत. या लेखातलं एकच काही पाळायचं असेल तर हे पाळा. कोरड्या केसाचे खवले उचकटलेले असतात, कंगवा त्यांना आणखी उचकटतो, वळणावर केस तुटतो, आणि विंचरून झाल्यावर बटांचं पिंजलेल्या कापसासारखं होतं. आई म्हणते, आत्ताच विंचरलं होतं, तरी बघा! विंचरल्यामुळेच तसं झालेलं असतं.

कंगवा मोठ्या, विरळ दातांचा, दातांची टोकं गोल. आधी बोटांनी केसांचे चार भाग करा, दोन पुढे, दोन मागे. तीन भागांना सैल चाप लावा आणि एकच मोकळा ठेवा. त्या भागाची बट टाळूपासून दोन बोटं अंतरावर चिमटीत घट्ट धरा. ओढ तुमच्या चिमटीवर यायला हवी, मुलाच्या टाळूवर नको. आता शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर विंचरा, ते मोकळे झाले की थोडं वर, मग आणखी वर. वरून खाली कंगवा ओढला तर वाटेतले सगळे लहान गुंते टोकाशी जमून एक मोठी गाठ होते.

जट बहुधा डोक्यामागे होते, कारण मूल झोपेत तिथेच डोकं घासतं. जटेत कंगवा घालू नका. तिच्यावर कंडिशनर किंवा खोबरेल जिरवा, पाच मिनिटं थांबा, मग दोन्ही हातांच्या बोटांनी ती आडवी फाकवा, कडेकडून, लोकर पिंजतात तशी. अगदीच सुटत नसेल तर कात्रीचं टोक केसांच्या दिशेने उभं घालून जट दोन-तीन ठिकाणी चिरा. आडवी कापली तर तिथे खड्डा दिसतो.

एका बैठकीत सगळं डोकं पुरं झालंच पाहिजे असं नाही. दोन भाग आज, दोन उद्या. मुलाने हात वर केला की थांबायचं, असं ठरवून खरोखर थांबलं, तर दोन-तीन आठवड्यांत ते बसायला तयार होतं. आणि त्या वेळात ‘झिपरी’, ‘जटाधारी’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. दोन वर्षांच्या मुलाला ते कळतात.

रोज सकाळी धुण्याची गरज नाही. फवाऱ्याच्या बाटलीत २०० मिली पाणी, एक चमचा कंडिशनर. हे दोन-तीन दिवसांत बदलायचं, पाण्यात जंतू वाढतात. केस दमट होतील इतकं शिंपडा, बोटांनी बटा मोकळ्या करा, चुकार बटा बोटाभोवती गुंडाळून सोडा.

वाळवायचं, झोपवायचं

टर्किश टॉवेलचे फासे खवल्यांत अडकतात. त्यापेक्षा जुनं मलमल, विरलेला पंचा किंवा सुती बनियन घ्या, केस खालून वर दाबून पाणी टिपा, चोळू नका. ड्रायरची गरम हवा नको. ‘ओल्या डोक्याने सर्दी होते’ ही भीती प्रत्येक घरात आहे. सर्दी विषाणूंनी होते. पण डिसेंबरात ओल्या डोक्याने मूल कुडकुडतं हेही तितकंच खरं, म्हणूनच धुणं दुपारी, आणि मग खिडकीतल्या उन्हात खेळू द्यायचं.

रात्री सुती उशीवर केस घासतात आणि तिला ओलावा देऊन बसतात. जुन्या मऊ रेशमी साडीचा जरीविरहित तुकडा गादीवर चारी बाजूंनी घट्ट खोचला तर घासणं खूप कमी होतं. सैल कापड ठेवू नका. एक वर्षाखालच्या बाळाला उशीच नको. झोपेत डोक्याला टोपी किंवा रुमालही बांधू नका, तो तोंडावर सरकू शकतो.

बांधायचे तर कसे?

सैल. बांधल्यावर भुवया वर ओढल्या गेल्या किंवा कपाळाशी बारीक पुळ्या उठल्या तर ते घट्ट आहे. रोज त्याच जागी ओढ बसली की कपाळावरचे आणि भांगाजवळचे केस विरळ होत जातात, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं तर ते परत येत नाहीत. म्हणून आज दोन पोनी, उद्या एक सैल वेणी, परवा मोकळे. भांगही रोज थोडा सरकवा, नागमोडी असला तर उत्तमच. उघडं रबर केसांत अडकतं, कापड गुंडाळलेलं घ्या. बारीक रबर लावलंच असेल तर काढताना ओढू नका, कात्रीने कापा. तीन वर्षांखालच्या मुलांना मणी आणि सुटे फूल असलेल्या क्लिपा नकोत, त्या तोंडात जातात. प्लेस्कूलमधल्या ताईंना सांगून ठेवा की केस सुटले तर सुटू द्या, कोरडे विंचरू नका.

केस कापायचे तर कोरडे असताना, बटेबटेने, आणि ठरवलंय त्यापेक्षा कमी. कुरळा केस वाळताना आखडतो. ओला असताना कानाखाली आलेला केस वाळल्यावर कानाच्या वर जाऊन बसतो. केस सरळ करण्याची रासायनिक ट्रीटमेंट लहान मुलाला कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा. त्यातल्या काहींत गरम करताना फॉर्माल्डिहाइड सुटतो, आणि तो श्वासाला आणि डोळ्यांना घातक आहे.

रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी मात्र तेलाचा नियम उलटा. आदल्या तासाला दोन चमचे खोबरेल लांबीवर, सैल वेणी, वरून सुती टोपी. घरी आल्यावर आधी कोरडा गुलाल झटका, मग पाणी. आधी पाणी घातलं तर रंग वळणावळणात बसतो आणि आठवडाभर निघत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

गोल चकत्यांत केस गेले, टाळूवर खवले, पू किंवा काळे ठिपके दिसले, केस जरा हात लावताच तुटू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गजकर्ण टाळूलाही होतं, आणि त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. उवा झाल्या तर कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा आणि वयाला चालेल असं औषध डॉक्टरांकडूनच घ्या. रॉकेल कधीही नाही.

एक लक्षण दुर्मीळ आहे, पण ठाऊक असावं. जन्मापासून केस लोकरीसारखे घट्ट आहेत आणि जोडीला तळहात-तळपायांची कातडी जाड होत चालली आहे, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. काही आनुवंशिक आजारांत ही जोडी हृदयाच्या स्नायूंच्या दोषाबरोबर येते, आणि एका साध्या ईसीजीपासून त्याची तपासणी सुरू करता येते.